गुरुवारची बाटली

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार

आले एकदाची! बसने टेकडीच्या पायथ्याशी उतरवलं आणि ट्रंक ओढत चढ चढताना जीव मेटाकुटीला आला. पण वर पोचून खाली समुद्र बघितला आणि सगळा राग उतरला. मुलीला इतकं शिकवून काय लोणचं घालणार का, असं आईला दरवर्षी विचारणाऱ्या थोरल्या मामाची आठवण झाली. घातलं म्हणावं मामा, लोणचं! काशिवाबारा संशोधनालयात संशोधक म्हणून लागलेली पहिली बाई, इसोबे मिहारु, ती मी.

पूर्वी हे क्षयाच्या रोग्यांचं इस्पितळ होतं. खाली प्रयोगशाळा, मधल्या मजल्यावर राहायच्या खोल्या, वरचा मजला बंद. माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, रॉकेलची शेगडी आहे आणि गादी उन्हात घालायला कठडासुद्धा आहे. अजून काय हवं! उबुकाता सेन्सेई, म्हणजे इथले सर्वेसर्वा, स्वतः दारापर्यंत आले होते. पांढरे केस, मऊ आवाज. त्यांनी माझी ट्रंक उचलायला हात घातला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा सहायक नेगोरो मात्र खिशात हात घालून उभा. बाईमाणूस आलंय म्हणजे आता चहा तरी बरा मिळेल, असं तो सेन्सेईंना म्हणाला, तेही मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मिळेल हं. बस वाट बघत.

५ ऑक्टोबर, बुधवार

काल रक्त दिलं. किरणोत्सारी पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तपासायचा नियम सगळीकडेच आहे. पण इथे ते दर मंगळवारी, आणि चांगल्या जाड सिरिंजा भरभरून. इथल्या नर्स त्सुकुदाबाई. कमी बोलतात, सुई मात्र अशी घालतात की कळतही नाही. एवढं रक्त कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या की सेन्सेईंना माणसांची काळजी फार. त्यांनी माझ्या दंडावरची शीर बोटाने दाबून बघितली आणि छान आहे म्हणाल्या. शिरेचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

१० ऑक्टोबर, सोमवार

आता कामाचं लिहिते, नाहीतर आई पत्रात विचारेल आणि मला चार ओळीसुद्धा सांगता येणार नाहीत.

उंदराचं दोन तृतीयांश यकृत कापून टाका. आठवडा-दीड आठवड्यात ते पुन्हा होतं तेवढं होतं आणि मग आपोआप थांबतं. हात तोडला तर हात येत नाही, यकृत मात्र येतं. म्हणजे रक्तातून कुणीतरी त्याला वाढ म्हणून सांगत असणार. ते सांगणारं प्रथिन पकडायचं, बाकीच्या हजार प्रथिनांतून वेगळं काढायचं आणि मग त्याची कुंडली मांडायची: वजन किती, उष्णतेत टिकतं का, आम्लात टिकतं का. कापण्याऐवजी टेट्रा नावाचं द्रावण पाजूनही उंदराचं यकृत जाळता येतं. गोडसर वास असतो त्याला. यकृत जळलं की रक्तात आमचं प्रथिन वाढतं.

दिवसभर शीतखोलीत कॉलममधून, म्हणजे प्रथिनं वेगळी करणाऱ्या काचेच्या उभ्या नळीतून, थेंब थेंब गळताना बघायचं. अंगात दोन स्वेटर, नाकातून पाणी. नेगोरो जाता-येता टोमणे मारतो. कॉलम म्हणजे भाताची हंडी नव्हे, झाकण उघडून बघायची सवय सोडा, म्हणे. हा भात तरी शिजवतो का कधी? मी म्हटलं, नेगोरो-सान, तुमच्या कॉलममधून गेल्या वर्षी काय निघालं ते ऐकायला आवडेल. तडक बाहेर निघून गेला. काही निघालेलं नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा दिवस सोन्याचा! सेन्सेईंनी बोलावून एक बाटली हातात दिली. माणसाचा प्लाझ्मा. खाली गावातल्या इस्पितळात कुणी आहे, ज्याचं यकृत झपाट्याने जळतंय. घरच्यांनी परवानगी दिली आहे. आता दर गुरुवारी अशी बाटली येईल आणि ती फक्त माझ्या हाती येईल. नेगोरोचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बाकीची मंडळी शेवटच्या बसने गावात जातात. वर राहणारे आम्ही चौघंच. रोज संध्याकाळी जेवणानंतर गरम पाणी घातलेली रताळ्याची दारू असते. मी धाकटी, बाटली घेऊन सगळ्यांचे पेले भरत फिरले. आपला पेला आपण भरायचा नसतो, तेव्हा माझा नेगोरो भरेल किंवा कोरडाच राहील असं धरून चालले होते. सेन्सेईंनी भरला! दोन्ही हातांनी, वेगळ्या बाटलीतून, ही तुमच्यासाठी ठेवली आहे म्हणून. घसा जळला पण गटकन प्यायले. अशा वेळी नको कोण म्हणतं?

२७ ऑक्टोबर, गुरुवार

माणसाच्या प्लाझ्मापुढे उंदीर काहीच नाही. बशीतल्या यकृतपेशींवर थेंबभर घातला की पेशी नुसत्या धावत सुटतात दुप्पट व्हायला. बिचारा कोण आहे कुणास ठाऊक. त्याला जितकं वाईट, तितकं आम्हाला चांगलं. असं लिहायला नको, पण खोटं कशाला लिहू?

सेन्सेई रोज माझा पेला भरतात. नेगोरोचा एकदाही नाही. जळतोय मेला.

१४ नोव्हेंबर, सोमवार

आईने खोकंभर संत्री पाठवली. आमच्या बागेतली, पातळ सालीची. इथे एकट्या बाईने एवढी संपवायची कशी म्हणता म्हणता निम्मी संपवली. दुसरं काही जातच नाही. मासा समोर आला की पोटात ढवळतं, भाताच्या वाफेनेसुद्धा. थकवाही आहे. जिना चढून आलं की बसावं लागतं. शीतखोलीने हाडं गारठली, दुसरं काय.

तळहात पिवळे झाले आहेत. नेगोरोने जेवताना सगळ्यांना दाखवले. बघा बघा, आता हिला सोलून खा! सगळे हसले, मीही हसले. लहानपणी हिवाळ्यात संत्री खाऊन खाऊन आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे हात असेच असायचे. त्सुकुदाबाई हसल्या नाहीत. मुलींनी गोड कमी खावं, एवढंच म्हणाल्या.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सेन्सेई तोक्योला गेल्याला दीड आठवडा झाला. तिथली कुणी मंडळी याच प्रथिनामागे आहेत, म्हणून ते अंदाज घ्यायला गेले. मला इकडे मोकळं मोकळं वाटतंय. भूक परत आली, काल दोन वाट्या भात खाल्ला. पेला भरणारं कुणी नाही, कारण नेगोरो मरेल पण भरणार नाही. बरंच आहे.

बाटली मात्र यावेळी फुसकी निघाली. पेशी हलेनात. मी कॉलमला दोष दिला, त्यातून सोडायच्या मिठाच्या पाण्याला दोष दिला, सगळं परत केलं. नेगोरो म्हणाला, रोगी जरा सुधारलेला दिसतो, काळजी करू नका, सेन्सेई आले की पुन्हा बिघडेल. काय माणूस आहे! दुसऱ्याच्या मरणावर विनोद करतो.

१५ डिसेंबर, गुरुवार

मिळालं! मिळालं! मिळालं!

जेलवर प्रत्येक प्रथिनाची वेगळी रेघ उमटते, तिथे आज एकच रेघ. आजूबाजूला काही नाही, स्वच्छ. गंधकाचे बंध तोडले तर त्या एकाच्या दोन रेघा झाल्या, एक जड आणि एक हलकी. म्हणजे दोन साखळ्या एकमेकींना धरून आहेत. उकळलं की मरतं, आम्लात मरतं. नखाएवढ्या नळीच्या तळाशी दिसेल न दिसेल इतकं, पण जगात ते फक्त माझ्याकडे आहे. माझ्याकडे, मामा!

सेन्सेई परत आल्यापासून बाटल्या पुन्हा दमदार येतायत. त्यांनी आज पेला दोनदा भरला. शोधनिबंधात माझं नाव असेल म्हणाले. नंतर मी न्हाणीघरात जाऊन सगळं ओकले. आनंदाने असं होत असेल का? लघवी काळ्या चहासारखी झाली आहे. पाणी कमी पडतंय.

२० डिसेंबर, मंगळवार

आज राहवेना. ज्याच्या रक्तावर माझं नाव होणार त्याला एकदा तरी भेटायला नको का? आजाऱ्याला भेटायला जायचं तर फळं न्यावीत. उरलेल्या संत्र्यांतली चांगली वेचली, फुरोशिकी रुमालात बांधली, आणि रक्त देऊन झाल्यावर दुपारच्या बसने कुणाला न सांगता खाली गेले.

इस्पितळाच्या खिडकीवरच्या बाईने वही उलटसुलट केली. यकृताचा असा रोगी इथे वर्षभरात नाही, म्हणाली. आमचं इस्पितळ केवढं, असा माणूस असता तर साऱ्या गावाला माहीत असता. मी म्हटलं, अहो, दर गुरुवारी त्याचा प्लाझ्मा वर येतो. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग बघतच राहिली. तुम्ही कुणाला भेटायला आलात, तुम्हीच भरती व्हायला हवं, असं म्हणाली आणि भिंतीवरच्या आरशाकडे बोट केलं.

डोळे. माझ्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळाजर्द.

संत्र्यांनी हात पिवळे होतात. डोळे होत नाहीत. कधीच होत नाहीत. हे मला माहीत आहे, मी यकृतावर काम करते, मी परीक्षेत लिहिलं आहे हे! आणि महिनाभर तळहात बघून हसत बसले मी गाढवी. केस विंचरायला आरसा रोज बघते, पण दिव्याच्या उजेडात, आणि तेही भांग सरळ आहे की नाही एवढंच.

तरुण डॉक्टरने पोट दाबलं. असं यकृत विषाने जळतं, म्हणाला, काम कशाशी करता? टेट्रा. उंदरांना पाजतो. गोडसर वास. सेन्सेईंची ती वेगळी बाटली. ते तोक्योला होते तेव्हा मी ठणठणीत आणि बाटली फुसकी. मंगळवारी माझं रक्त, गुरुवारी त्यांची बाटली.

मीच ती रोगी. मीच मला कॉलमवर चढवलं, थेंब थेंब.

मी डॉक्टरला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, आजच भरती करतो म्हणाला आणि फोन करायला गेला. काचेतून दिसत होता. फोनवर बोलताना कमरेत वाकत होता. एकदा, दोनदा, पुन्हा. एवढं वाकून माणूस कुणाशी बोलतो? आपल्या गुरूशी. तो उबुकाता सेन्सेईंचा विद्यार्थी निघाला.

मी उठले. दारापर्यंतही पोचले नाही. नेगोरो गाडी घेऊन आला. माझी संत्री उचलून घ्यायला तो विसरला नाही.

२२ डिसेंबर

वरचा मजला. खिडकीला गज. दाराला बाहेरून कडी.

सेन्सेई आले, जमिनीवर गुडघे टेकून बसले, आवाज तोच मऊ. रोजनिशी लिहा म्हणाले, लक्षणं लिहा, फार उपयोग होईल. वाचा मग! तुमची लक्षणं लिहिते. थेरडा, खुनी, लबाड. माझ्या आधी ओमोरी म्हणून एक होता. त्याचं यकृत जळलं पण परत वाढलंच नाही, असं सांगताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तुमचं मात्र दर वेळी भरून येतं इसोबे-सान, असं शरीर मी पाहिलेलं नाही. हे ते अशा सुरात म्हणाले की एखाद्या बाईला वाटावं, मागणी घालतायत.

मी त्यांच्या तोंडावर थुंकले. त्यांनी पुसलं आणि वाकून नमस्कार केला.

२७ डिसेंबर

ताप. नखांनी अंग ओरबाडून काढलंय, खाज थांबत नाही. नाकातून रक्त, हिरड्यांतून रक्त. आता दारूची गरज नाही त्यांना, टेट्रा सरळ नळीने देतात.

आईचा फोन आला होता. संसर्गाची कावीळ आहे, भेटायला येऊ नका, असं सेन्सेईंनी तिला सांगितलं. ती रडली म्हणे. त्यांचे आभार मानले म्हणे. माझ्या आईने. त्यांचे.

तिने आणखी एक खोकं पाठवलंय. नेगोरो दाराबाहेर बसून सोलतो. वास आत येतो.

३ जानेवारी

मरत होते. हे मला कळत होतं, यकृत जाताना डोकं कसं जातं ते मी वाचलंय. आईचं नाव आठवेना.

मग सेन्सेईंनी ती नळी आणली. माझी. एकच रेघवाली. सगळी टोचली मला.

१० जानेवारी

डोळे पांढरे झाले. ताप गेला. भूक. अशी भूक की त्सुकुदाबाईंच्या हातावर नजर जाते. मी वाचले. माझ्याच कामाने मला वाचवलं, आणि मला आनंद होतोय, हे लिहायची लाज वाटते. पळायचं. अंगात थोडं बळ आलं की पळायचंच.

१७ जानेवारी

बरगडीखाली हात लावला. काठ लागतो. यकृताचा. तिथे नसायला हवा.

२१ जानेवारी

काठ आणखी खाली. चार बोटं. रोज —

उंदराचं पूर्ण झालं की थांबतं. थांब म्हणणारं कुणीतरी असणार. आम्ही वाढ म्हणणारं शोधलं. थांब म्हणणारं कुणी शोधलंच नाही. मी विचारलं, सेन्सेई, हे थांबवायचं कसं? ते हसले नाहीत, रागावले नाहीत. टेपने मोजलं. मग पुन्हा मोजलं — आनंदाने.

२६ जानेवारी

पाठीवर झोपता येत नाही. श्वास अर्धाच. जेवण बंद केलं तरी — ते मला खातंय आणि वाढतंय. हात काटक्या झाले, पोट —

नेगोरोने दाराच्या फटीतून बघितलं. टोमणा मारला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

३० जानेवारी

कापणार आहेत. ठेवतील थोडं. ते पुन्हा वाढेल. मग पुन्हा. सेन्सेई म्हणाले, आता गुरुवारची वाट बघायला नको.

गज हलवून बघितला. हातात जोर नाही. कडी — त्सुकुदाबाई, एकदा फक्त कडी. विनवलं. पाय धरले. त्या म्हणाल्या उद्या विधी आहे, काळे कपडे इस्त्री करायचेत.

३१ जानेवारी

अंगणात सगळे. काळे कपडे. गावातून भिक्षू आलाय. वर्षभरात जे प्राणी कापले त्यांच्या स्मारकाच्या दगडापुढे फुलं, उदबत्ती, पाणी. सगळीकडे करतात हे. मीही करायचे, विद्यापीठात. मनापासून करायचे.

सगळे वाकले. नेगोरो रडतोय — खरं रडतोय, रुमाल काढून.

झालं. आता जातील. ओरडते — बसने येणारे लोक आहेत त्यात, त्यांना माहीत नसेल, कुणीतरी ऐकेल —

ओरडले. ऐकलं. सगळ्यांनी वर बघितलं. सगळ्यांनी. कुणी दचकलं नाही.

सेन्सेई वळले. माझ्या खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग एकेक जण, बसवालेसुद्धा, सगळे.

वाकले. मला. कमरेतून, हळू, पूर्ण.

मी मेले नाही मी मेले नाही मी — वाकलेलेच आहेत. जिवंत माणसापुढे इतका वेळ कुणी वाकत नाही.

जिना. त्सुकुदाबाई. हातात गरम पाणी, वस्तरा — पोट भादरायला. कडीला हात लावायच्या आधी बाहेरून हळूच क्षमा मागतायत. खोलीत शिरताना रीत म्हणून म्हणतात तसं नाही. कापलेल्या प्राण्यांच्या दगडापुढे म्हणतात तसं.

नाही. लिहून ठेवते. क्षमा नाही. यांना नाही, नेगोरोला नाही, आणि सेन्सेई, तुम्हाला तर —